चालीतली हाफ पिरुएट: कोल्हापूरच्या पागेतल्या हंगामाच्या नोंदी

३ डिसेंबर

या हंगामाचं काम ठरलं. दोन घोड्यांना ड्रेसाजमधली, म्हणजे घोड्याच्या शिस्तबद्ध चालींच्या कसरतीतली, एक हालचाल शिकवायची: चालीतली, म्हणजे वॉकमधली, हाफ पिरुएट. घोडा चालता चालता, न थांबता, मागच्या पायांच्या जागेवर राहून पुढचं अंग १८० अंशांत फिरवतो आणि आला त्याच रेषेवरून त्याच लयीत परत निघतो. पुढचे दोन्ही पाय आणि बाहेरचा मागचा पाय हे तिघं आतल्या मागच्या पायाभोवती फिरतात. हा आतला मागचा पाय रोवलेला खुंटा नव्हे. तोही दर पावलाला उचलला जायला हवा, आणि तिथेच किंवा वीतभर पुढे टेकायला हवा. ‘आतला’ म्हणजे ज्या बाजूला घोडा वाकलेला आहे आणि वळतोय त्या बाजूचा.

वळण दिसायला सोपं. अख्खी अडचण या एका पायाची आहे, म्हणून सगळ्या नोंदी त्याच्याभोवतीच राहतील.

घोडे दोन. तांबडी: थरोब्रेड घोडी, रेसमधून निवृत्त, उंची १५.३ हँड (एक हँड म्हणजे चार इंच; १५.३ म्हणजे १५ हँड ३ इंच). अंगात गती भरपूर, थांबण्याची अक्कल कमी. अबलख: मारवाडी रक्ताचा, खच्ची केलेला, १४.३ हँड. हा जागच्या जागी फिरायला जन्मतः तयार, पण पुढे जायला आळशी. दोघांचे दोष उलटसुलट आहेत, त्यामुळे एकाला लागू पडलेला उपाय दुसऱ्याला बाधतो. हे लगाम धरणाऱ्या प्रत्येकाने लक्षात ठेवायचं.

पहिला टप्पा थेट पिरुएट नाही, टर्न ऑन हॉन्चेस, म्हणजे पुठ्ठ्यांभोवतीचं सोपं वळण. फरक असा: पिरुएट कलेक्टेड वॉकमधून (गोळा केलेली, आखूड पावलांची चाल, भार मागच्या पायांवर) होते आणि मागचे पाय जमेल तितक्या लहान वर्तुळात राहतात. टर्न ऑन हॉन्चेस मीडियम वॉकमधून (मध्यम लांबीच्या पावलांची चाल), पावलं थोडी आखडून करतात आणि मागच्या पायांना साधारण अर्ध्या मीटरच्या त्रिज्येची मोकळीक असते. लय, लगामाशी संपर्क आणि सरळपणा यांत मात्र सवलत नाही. वळणाआधी किंवा नंतर थांबायचंही नाही.

५ डिसेंबर

मैदानाची आखणी. जागा २० बाय ६० ला पुरत नाही, म्हणून २० बाय ४०. काटकोन दोरीने काढले: कोपऱ्यातून एका बाजूवर ६ मीटर, दुसऱ्या बाजूवर ८ मीटर आणि दोन टोकांमधलं अंतर बरोबर १० मीटर. शेवटी दोन्ही कर्ण मोजले. ते ४४.७२ मीटर यायला हवेत. एक लांब आणि दुसरा आखूड आला तर चौकोन तिरका झालाय. अशा मैदानात सेंटरलाइनवर सरळ चाललेला घोडाही वाकडा वाटतो आणि स्वार विनाकारण लगाम ओढत बसतो.

मैदानाच्या कडेच्या खुणेची अक्षरं: ए छोट्या बाजूच्या मध्यावर. तिथून घड्याळाच्या काट्याप्रमाणे के, ई, एच, सी, एम, बी, एफ. के, एच, एम, एफ हे कोपऱ्यापासून ६ मीटरवर, ई आणि बी लांब बाजूच्या मध्यावर. कुंपण ३० सेंटिमीटर उंचीचं पुरतं. मधली रेषा आणि ६, ८, १० मीटरची वर्तुळं फक्कीने आखली. फक्की संगमरवराच्या भुकटीची घ्यावी. कळीचा चुना वाऱ्याने उडून घोड्याच्या डोळ्यांत जातो आणि खुरांनाही चांगला नाही.

वर्तुळाचा शब्द सगळ्यांनी एकच वापरायचा: ६, ८ किंवा १० मीटर व्यासाचं असेल तर व्होल्ट, त्याहून मोठं असेल तर सर्कल. ‘छोटा गोल घे’ असं सांगितलं की प्रत्येक स्वार वेगळा गोल घेतो.

९ डिसेंबर

वाळू. जागेवर फिरणाऱ्या घोड्याला सरळ धावणाऱ्यापेक्षा जमीन जास्त छळते, कारण वळताना खूर टेकलेला असतो आणि वरचं अंग फिरत असतं. जमीन फार पकड देणारी असली तर तो पीळ गुडघ्यात आणि हॉकमध्ये (मागच्या पायाचा मागे कोन करणारा सांधा) जातो. फार सैल असली तर पाय रुततो आणि स्नायुबंधांवर ताण येतो.

हिशेब: २० × ४० = ८०० चौरस मीटर. ६ सेंटिमीटरचा थर धरला तर ४८ घनमीटर. एक ब्रास म्हणजे १०० घनफूट, सुमारे २.८३ घनमीटर. म्हणजे १७ ब्रास. दबून बसणं आणि सांडणं धरून १९ ब्रास मागवले.

नदीची वाळू गोलसर असते, खुराखाली गडगडते. आपल्याकडची काळ्या दगडाची क्रश सँड टोकदार असते. ती घट्ट बसते पण त्यात भुकटी फार. बाटलीची चाचणी प्रत्येक डंपरची करायची: काचेच्या बाटलीत १० सेंटिमीटर वाळू, वर पाणी, खूप हलवून रात्रभर ठेवायची. वाळूवर बसलेला गाळ अर्ध्या सेंटिमीटरपेक्षा जास्त असेल तर ती धुतल्याशिवाय घ्यायची नाही. भुकटीवाली वाळू कोरडी असताना धूळ उडवते आणि पाणी मारलं की सिमेंटसारखी बसते. आलेल्या मालात एक डंपर परत पाठवला.

तालमीच्या हौदातली तांबडी माती टाकायची सूचना दरवर्षी कोणीतरी करतंच. ती माती पैलवानाच्या पाठीसाठी आहे. साडेचारशे किलोच्या जनावराच्या खुराखाली ती दोन दिवसांत पीठ होते.

पाणी: चौरस मीटरला ५ लिटर, म्हणजे एका वेळी ४,००० लिटर. रात्री मारायचं म्हणजे सकाळी ओल खाली उतरलेली असते. मुठीत दाबल्यावर गोळा व्हावा आणि बोटाने टोचल्यावर फुटावा, एवढीच ओल.

१४ डिसेंबर

वळणाला हात लावण्याआधी चाल मोजली. वॉक चार ठोक्यांची: डावा मागचा, डावा पुढचा, उजवा मागचा, उजवा पुढचा. चारही ठोके सारख्या अंतरावर यायला हवेत. फोन तिवईवर, घोड्याच्या बाजूने, स्लो मोशनमध्ये.

तांबडी: मोकळ्या चालीत मागचा खूर पुढच्या ठशाच्या एक खूर पुढे पडतो. उत्तम. लगाम गोळा केला की मात्र एकाच बाजूचे दोन पाय जवळजवळ एकत्र उचलले जातात. ही चाल मोडण्याची सुरुवात आहे. हिला कलेक्शन देताना, म्हणजे गोळा करताना, घाई केली तर वॉक कायमची बिघडते. वॉक बिघडवायला आठवडा लागतो आणि सुधारायला वर्ष, म्हणून या घोडीसाठी हाच सर्वांत मोठा धोका आहे.

अबलख: चार ठोके स्वच्छ, पण मागचा खूर पुढच्या ठशाच्या मागेच राहतो, लगाम सैल असतानाही. म्हणजे हे कलेक्शन नाही, आळस आहे.

मेट्रोनोम लावून मागच्या पायांचे ठोके जुळवले. दोघंही मिनिटाला १०० ते ११० च्या दरम्यान. प्रत्येकाचा आकडा तबेल्याच्या फळ्यावर लिहिला. वळणात हाच ठोका टिकला पाहिजे. पावलाची लांबी कमी होईल, ठोका नाही.

१८ डिसेंबर

हाफ हॉल्ट (न थांबवता घोड्याला क्षणभर आवरून गोळा करणं) आणि शोल्डर-इन (सरळ पुढे जाताना खांदे थोडे मैदानाच्या आत घेणं). हे दोन नसतील तर पुढचं सगळं ओढाताण आहे. मोकळा उभा घोडा साधारण ६० टक्के वजन पुढच्या पायांवर घेतो, आणि स्वार बसला की भर पुढेच पडते. तेवढं वजन पुढे असताना पुढचं अंग उचलून फिरव म्हणणं अन्याय आहे.

शोल्डर-इन लांब बाजूवर, साधारण ३० अंशांचा कोन, समोरून पाहिल्यावर तीन रेषा दिसाव्यात: बाहेरचा मागचा, त्यानंतर एकाच रेषेत आतला मागचा आणि बाहेरचा पुढचा, मग आतला पुढचा. अठराव्या शतकात फ्रान्सच्या ला गेरिनिएरने हा व्यायाम आजच्या रूपात मांडला आणि आतला मागचा पाय पोटाखाली आणायला अजून यापेक्षा चांगलं काही सापडलेलं नाही.

तांबडी डाव्या हाताला जड. मुंबईच्या महालक्ष्मी रेसकोर्सवर घोडे घड्याळाच्या काट्याच्या दिशेने पळतात, त्यामुळे रेसमधून आलेल्या घोड्यांची उजवीकडे वळायची सवय पक्की असते. पण तिथे ते खांद्यावर पडून वळतात, पुठ्ठ्यावर बसून नाही. म्हणजे उजवी बाजू सोपी वाटते, खरी नसते. तिला दोन्ही बाजूंनी पहिल्यापासून शिकवायचं.

२३ डिसेंबर

चौकोन सुरू केला. १० मीटरचा चौकोन, चार कोपऱ्यांत चार शंकू. सरळ बाजूवर मीडियम वॉक, कोपऱ्याआधी दोन हाफ हॉल्ट, कोपऱ्यात पाव वळण, लगेच पुढे. पाव वळण म्हणजे दोन, फार तर तीन पावलं. अर्ध्या वळणाची घाई नाही.

शंकूच्या आत घोडा शिरला तर खांदा पडतोय. शंकूपासून दूर गेला तर पुठ्ठे बाहेर पळतायत. दोष कुठला हे शंकूच सांगतो.

अबलखला चौकोनाची प्रत्येक दुसरी बाजू ट्रॉटमध्ये, म्हणजे दुडकीत. नाहीतर तो पाव वळणाचीच वाट बघत रेंगाळतो.

२७ डिसेंबर

ठसे वाचायची पद्धत पक्की केली. स्वाराला वळण ‘छान झालं’ असं फार वेळा वाटतं. वाळूला असं काही वाटत नाही.

ई-बी रेषेच्या मध्यावर ४ बाय ४ मीटरची जागा दाताळ्याने सारखी करायची. ओल नेहमीची. घोडा त्यात शिरतो, वळतो, बाहेर पडतो आणि लांब जाऊन थांबतो. मग दुसऱ्या माणसाने कडेने चालत ठसे बघायचे. पुढचा खूर गोल असतो, मागचा लांबट आणि टोकाला निमुळता, त्यामुळे गोंधळ होत नाही.

चांगल्या वळणात आतल्या मागच्या खुराचे तीन-चार ठसे ताटाएवढ्या जागेत एकमेकांवर थोडे थोडे चढलेले दिसतात. प्रत्येकाची नालेची कड वेगळी ओळखू येते. बाहेरच्या मागच्याचे ठसे त्याच्याभोवती लहान कमानीत. पुढच्या पायांचे ठसे मोठ्या कमानीत, एकमेकांपासून सारख्या अंतरावर.

आता बिघाड.

एकच खोल खड्डा आणि त्याच्या कडेने वाळूची गोल वळी उठलेली: पाय उचललाच नाही, टेकलेल्या खुरावर घोडा फिरला. सर्वांत वाईट, कारण सांधा पिळला जातो. वरून मात्र हेच सर्वांत ‘जागच्या जागी’ दिसतं आणि बघणारे टाळ्या वाजवतात.

ठसे मागे मागे सरकलेले, खुराचं टोक खोल आणि टाच उथळ: घोडा मागे हटला.

बाहेरच्या मागच्याचे ठसे कमान सोडून लांब गेलेले: पुठ्ठे बाहेर फेकले. वळण पुठ्ठ्यांभोवती न होता घोड्याच्या मधल्या अंगाभोवती झालं.

बाहेरचा मागचा खूर आतल्याच्या पुढून ओलांडून पलीकडे पडलेला: मागचे पाय एकमेकांवर चढले. पिरुएटमध्ये पुढचे पाय ओलांडतात, मागच्यांनी ओलांडायचं नसतं. हे बहुधा घोडा वाकण्याऐवजी आडवा सरकला की होतं.

पुढच्या ठशांत पहिलं अंतर मोठं आणि मग लहान लहान: स्वाराने पहिल्या पावलाला खांदा भिरकावला आणि मग सावरत बसला.

आजचं वाचन: तांबडी, दोन्ही बाजूंना पुठ्ठे बाहेर, डावीकडे जास्त. अबलख, डावीकडे बरा, उजवीकडे सरळसरळ खड्डा.

२ जानेवारी

मदती, म्हणजे एड्स, आणि त्यांची वेळ. उजवीकडच्या वळणाचं लिहितो, डावीकडे उलट.

तयारी: वळणाच्या जागेआधी दोन-तीन हाफ हॉल्ट, उजवीकडे हलकं फ्लेक्शन, म्हणजे स्वाराला घोड्याच्या उजव्या डोळ्याची कड दिसेल एवढंच. त्याहून जास्त मान वळवली की डावा खांदा मोकळा सुटतो.

वजन उजव्या सीट बोनवर, म्हणजे बसायच्या हाडावर. म्हणजे उजवीकडे झुकणं नव्हे. झुकलं की उजव्या मागच्या पायावर भार येतो आणि नेमका जो उचलायला हवा तोच खिळतो. रिकीब दोन्ही पायांत सारखी जड लागली पाहिजे.

उजवा पाय गर्थजवळ (पोटाखालचा तंग): वाक टिकवतो आणि उजव्या मागच्या पायाला उचलत ठेवतो. डावा पाय गर्थच्या एक वीत मागे: पुठ्ठे बाहेर जाऊ देत नाही. तो ढकलायला नाही, भिंत म्हणून आहे. उजवा लगाम दिशा दाखवतो, किंचित उघडून. डावा लगाम वाक आवरतो आणि पुढे जाणं आवरतो, आणि मानेला टेकून खांद्यांना सोबत नेतो.

आता वेळ. उजवीकडे वळताना डावा पुढचा पाय उजव्याच्या पुढून ओलांडतो. तो हवेत असतानाच त्याला दिशा देता येते, टेकलेला असताना नाही. म्हणून डावा खांदा मागे जाऊन उठायच्या बेतात असतो तेव्हा लगामाची सूचना. चालीच्या क्रमात हे डावा मागचा टेकण्याच्या जरा आधी येतं. उजव्या पायाची सूचना वेगळ्या क्षणी: उजवा मागचा पाय पुढे झुलताना घोड्याचं पोट डावीकडे जातं, स्वाराची उजवी बाजू खाली जाते आणि पोटरी आपोआप आत पडते. त्या क्षणी हलका दाब. पोट परत येतंय तेव्हा मारलेली टाच फुकट जाते.

नवख्यांना हे घोड्यावर कळत नाही. दुसऱ्याने बाजूने चालत ‘आता, आता’ म्हणत राहायचं आणि स्वाराने डोळे मिटून ओळखायचं. लय पकडल्याशिवाय वळणाला परवानगी नाही, कितीही वर्षं बसलेला असो.

एका वेळी एकच पाऊल मागायचं. पाऊल मिळालं की मदत सैल. १८० अंश म्हणजे तीन ते पाच पावलं, आणि प्रत्येकाच्या मधे ‘पुढे निघू शकतो’ ही तयारी राहिली पाहिजे. कुठल्याही पावलावर स्वाराने ठरवलं तर घोडा सरळ निघून जाऊ शकला पाहिजे. जाऊ शकत नसेल तर ते वळण नाही, अडकणं आहे.

६ जानेवारी

अबलखचा उजवा खड्डा. कारणं क्रमाने तपासली: आतला लगाम जड (होय, थोडा), वळणात शिरताना ठोका आधीच मेलेला (होय, हेच मुख्य), स्वार आत झुकलेला (नाही).

उपाय: दोन पावलं वळण, दोन पावलं पुढे, परत दोन पावलं वळण. अर्धं वळण असं तुकड्यांनी, एक मीटरच्या त्रिज्येवर. त्रिज्या मोठी दिसली तरी चालेल, ठोका हवा. वळणानंतर लगेच दुडकी. असं केल्यावर तो वळणात शिरतानाच पुढे निघायच्या तयारीत राहतो. ठशांत खड्डा गेला, तीन वेगळे खूर दिसले. त्यावर थांबलो आणि गुळाचा खडा दिला. गूळ लहानच, बोराएवढा.

११ जानेवारी

ऊस हंगाम जोरात. समोरच्या रस्त्याने ट्रॉल्या, त्यावर कर्णे, गाणी फुल आवाजात. तांबडी डोकं वर करते, पाठ खाली टाकते, आणि पाठ पडली की मागचा पाय येतच नाही. अशा वेळी पिरुएट मागू नये. सरळ शोल्डर-इनमध्ये जायचं, किंवा २० मीटरच्या सर्कलवर मान लांब सोडून चालायचं. ट्रॉली गेल्यावर परत.

वेळ बदलली: सकाळी आठच्या आत काम आटपायचं. थंडी असते, म्हणून सैल होण्यासाठी वीस मिनिटं चाल आणि दुडकी. आखडलेल्या पाठीवर लहान वळण नको.

१३ जानेवारी

नालबंद येऊन गेला. दोघांचं पाच ते सहा आठवड्यांचं चक्र कायम. मागच्या नालांची आतली कड खुराच्या बरोबरीने, बाहेर अजिबात नको, नाहीतर वळताना स्वतःच्याच पायावर घासते. स्टड, म्हणजे नालेत बसवायचे पकडीचे खिळे, नाहीत. सरावाच्या वाळूत स्टड लावले की खूर अडकतो आणि वरचं अंग फिरतं.

पुढच्या पायांना बेल बूट (खुरावर बसणारं घंटेच्या आकाराचं संरक्षक कवच) सक्तीचे. ओलांडणाऱ्या पायाची नाल दुसऱ्या पायाच्या खुराच्या वरच्या केसाळ कडेवर बसते. तांबडीला डावीकडे अशी खरचट झालीय. मिठाच्या पाण्याने धुऊन, कोरडी करून, दोन दिवस फक्त सरळ चाल. जखम लहान, पण ती दुखली की घोडा ओलांडायचं टाळतो आणि आपण त्याला हट्टी म्हणतो.

१७ जानेवारी

तांबडीचे पुठ्ठे. मूळ कारण स्वाराचा आतला हात: तो ओढला की मान आत आणि पुठ्ठे बाहेर. बाहेरचा लगाम धरून ठेवा असं सांगून भागत नाही, म्हणून व्यायाम बदलला. लांब बाजूला कुंपणापासून दोन मीटर आत, कुंपणाला समांतर चालायचं, पुठ्ठे किंचित कुंपणाकडे घेऊन, घोडा कुंपणाकडे वाकलेला, आणि वळण कुंपणाच्या दिशेने. समोर कुंपण आलं की घोडीला पुढे घुसता येत नाही, आणि पुठ्ठे आधीच वळणाच्या बाहेर जायच्या उलट दिशेला असतात. लगामाचं निम्मं काम कुंपण करतं.

सॅडल तपासली. वळणानंतर ती डावीकडे एक बोट सरकलेली. गर्थ सैल नव्हता, खालचं पॅड एका बाजूला दबलेलं होतं. पॅड बदललं. सरकलेल्या सॅडलवर स्वार कितीही सरळ बसला तरी वजन बाहेरच पडतं.

२२ जानेवारी

ट्रॅव्हर्स, म्हणजे पुठ्ठे आत घेऊन चालणं. लांब बाजूवर साधारण ३५ अंश, मग तेच १० मीटरच्या व्होल्टवर, मग ८ वर. पुठ्ठे वर्तुळाच्या आत, खांदे वर्तुळावर. हळूहळू ६ मीटरपर्यंत आलं की पिरुएट फक्त एक पायरी दूर असते. वळण आता वेगळं शिकवावं लागत नाही, वर्तुळ आकसत जातं.

अबलख यात खूश. ८ मीटरवर लय टिकते. तांबडीला ८ वर एका बाजूचे पाय एकत्र उचलायची जुनी खोड लगेच आली. तिला १० वरच ठेवलं.

२९ जानेवारी

अबलख: कलेक्टेड वॉकमधून पहिली खरी हाफ पिरुएट, डावीकडे. ठसे: आतला मागचा चार वेळा, ताटाच्या आत. बाहेर पडताना रेषा अर्धा मीटर चुकली. बाहेर पडणं कोणी शिकवत नाही. शेवटचं पाऊल टाकताना स्वाराची नजर जिथून आलो त्या अक्षरावर हवी आणि बाहेरचा पाय आधी सैल सोडायचा, नाहीतर घोडा १८० च्या पुढे फिरतो.

त्याच दिवशी लगेच दुसरी मागायची नाही. मोकळा लगाम, फेरफटका.

४ फेब्रुवारी

गुणांचा तक्ता लावला, ० ते १०, अर्धा गुण चालतो. आपला नियम कडक: चार ठोक्यांची चाल मोडली की पाचाच्या खाली, वळण कितीही लहान असो. पाय खिळला तर पाच. वर्तुळ मोठं पण लय शाबूत, तर सहा. मोठ्या वळणाला माफी आहे, मेलेल्या पायाला नाही. परीक्षकही साधारण याच क्रमाने बघतात: आधी चाल, मग वाक, मग आकार.

विचारणा येत राहते की हे सगळं कशासाठी. प्री सेंट जॉर्जेस या आंतरराष्ट्रीय ड्रेसाज चाचणीत वॉकमधल्या हाफ पिरुएट दोन्ही बाजूंना येतात आणि कँटरमधल्याही (कँटर म्हणजे तीन ठोक्यांची उड्यांची चाल). २०२३ मध्ये हांगझोऊच्या आशियाई खेळांत भारताच्या संघाने ड्रेसाजचं सुवर्ण घेतलं ते याच पातळीवर. कोल्हापुरातल्या मैदानावर ती पातळी लांब आहे, पण वॉकमधलं वळण कुठल्याही निरोगी घोड्याला येऊ शकतं. त्यासाठी लाखोंचा परदेशी घोडा लागत नाही.

१० फेब्रुवारी

तांबडी उजवीकडे मागे सरकू लागली. स्वाराचा हात तपासला, हलका. ठोका तपासला, ठीक. मग घोडी तपासली. सरळ दुडकीत काही नाही, पण उजव्या लहान वर्तुळावर उजवा मागचा पाय पूर्ण दुमडत नाही. पशुवैद्यकांनी पाय वाकवून धरून लगेच दुडकी करायला लावली, तेव्हा दोन-तीन पावलं लंगडली. हॉकवर ताण. दहा दिवस लहान वळणं बंद, सरळ चाल, चढावरची रपेट.

क्रम लक्षात ठेवायचा: मागे सरकणारा घोडा दिसला की आधी हात, मग लय, मग सांधा. चाबूक या यादीत कुठेच नाही. सांधा दुखत असेल तर घोड्याने मागे जाणं हा त्याचा शहाणपणा आहे.

आठवड्याचा भारही ठरवून दिला: लहान वळणांचं काम आठवड्यात तीन दिवस, एका वेळी प्रत्येक बाजूला चार-पाच वळणं, बाकी दिवस रपेट, सरळ काम, एक दिवस सुट्टी.

२४ फेब्रुवारी

तांबडी परत कामावर. ऊन वाढलं, वाळू दुपारपर्यंत वरून कोरडी पडते. पाणी आता एक दिवसाआड.

आश्चर्य म्हणजे चढावरच्या रपेटीने तिचा वॉक सुधारला. गोळा केला तरी चार ठोके बऱ्यापैकी वेगळे ऐकू येतात. मागचा पाय पोटाखाली येण्याचं काम टेकडीने वर्तुळापेक्षा चांगलं केलं. टर्न ऑन हॉन्चेस अर्ध्या मीटरवर, दोन्ही बाजू सहा गुण. तिच्यासाठी या हंगामाची हद्द इथेच. कलेक्टेड वॉकमधली पिरुएट तिला पावसाळ्यानंतर.

५ मार्च

अबलख: डावी सात, उजवी साडेसहा. उजवीकडे पहिल्या पावलाला अजून किंचित रेंगाळतो. वळणाआधी दोन पावलं शोल्डर-इन दिलं की रेंगाळणं जातं, म्हणून चाचणीतही कोपऱ्यातून तेच वापरायचं.

कँटरची तयारी फक्त चाचपली. कँटरमधली पूर्ण पिरुएट सहा ते आठ उड्यांची, अर्धी तीन-चारची, आणि तिथे प्रत्येक उडीत मागच्या पायांवर खूप जास्त भार येतो. आत्ता फक्त १० मीटरच्या व्होल्टवर कलेक्टेड कँटर, पुठ्ठे किंचित आत, चार-पाच उड्या आणि लगेच सरळ पुढे. व्होल्टवर कँटर चार ठोक्यांचा झाला की त्याच क्षणी बाहेर काढायचं. अबलखचा डावा कँटर तयार आहे, उजवा नाही.

पुढच्या नालबंदीच्या तारखेआधी मागच्या उजव्या नालेची आतली कड पुन्हा बघायची. वाळूच्या मधल्या चौकात थर दीड सेंटिमीटर कमी झालाय, सगळी वळणं तिथेच झाल्यामुळे. कडेची वाळू मध्ये ओढायची आणि यापुढे वळणाची जागा दर आठवड्याला सरकवायची.